पारपत्राचे व्याकरण

एम.ए.च्या अभ्यासक्रमात 'डायस्पोराचे साहित्य' हा घटक आला त्याला आता बरीच वर्षे झाली. या शब्दाला मराठीत कोणी 'अनिवासी' म्हणतात, कोणी 'परदेशस्थ', कोणी 'विस्थापित'. या तीन शब्दांनी तीन निरनिराळी माणसे डोळ्यांपुढे येतात. प्रश्नपत्रिकेत मात्र ती एकाच माणसाची तीन नावे होऊन बसली आहेत. हा घटक शिकवण्याची एक रीतही आता पडून गेली आहे. दोन संस्कृतींमधला ताण, दुभंगलेली अस्मिता, मागे राहिलेल्या घराची ओढ आणि शेवटी, सीमा नकाशावर नसतात, मनात असतात, असा समारोप. आम्हीही तो अनेकदा केला आहे.

असाच एक तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. ती मूळची गोव्याची. वडिलांनी पोर्तुगीज पासपोर्ट काढला तेव्हा लहान असलेल्या तिचाही काढला होता. काही वर्षे इंग्लंडात राहून आई आणि ती परत आल्या, वडील कामासाठी तिकडेच राहिले. ती एवढेच म्हणाली, "मनात असेलही सर, पण मला ती खिडकीवरच भेटते."

तिची अडचण साधी होती. मुक्तिपूर्व गोव्यातील मराठी नियतकालिकांवर तिला प्रबंध लिहायचा होता. त्यांत मुख्यतः गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी १९१२ साली सुरू केलेले 'भारत'. पोर्तुगीज राजवटीत, सेन्सॉरच्या कात्रीखाली, आपल्या पत्राला हे नाव देण्याचे धैर्य ज्यांनी दाखवले त्यांच्यावर एका गोमंतकीय मुलीने लिहावे, याहून सरळ गोष्ट ती कोणती? पण तिच्याजवळ आज ओसीआय कार्ड आहे. मार्च २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआय कार्डधारकाला भारतात संशोधन करायचे तर आधी विशेष परवानगी घ्यावी लागते. पत्रकारिता, गिर्यारोहण आणि धर्मप्रचार यांच्याच यादीत संशोधन आहे. म्हणजे 'भारत' नावाचे पत्र अभ्यासण्यासाठी या मुलीने परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाकडे अर्ज करायचा. जे पत्र तिच्या पणजोबांच्या घरी येत असे, ते अभ्यासायला.

या प्रसंगानंतर आम्ही आमचा समारोप बदलला. का बदलला, ते येथे मांडावयाचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की दोन पासपोर्टांच्या मधे जगणाऱ्या कामकरी माणसाला आपली समीक्षा 'दुभंगलेली अस्मिता' म्हणून वाचते तेव्हा ती त्याचे वाचन करीतच नाही. त्याच्या आयुष्याचा मजकूर अर्ज, दाखले, नोंदी आणि शिक्के यांत लिहिलेला आहे, आणि तो वाचण्याची सवय साहित्याच्या विद्यार्थ्याला कोणी लावलेली नाही.

गोव्याचे उदाहरण घेण्याचे कारण केवळ जवळीक नव्हे. दोन राज्यांचे कायदे एकाच माणसाविषयी दोन वेगळ्या काळांत कसे बोलतात, ते येथे फार स्वच्छ दिसते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण आणि दीव येथील पोर्तुगीज सत्ता संपली. २८ मार्च १९६२ रोजी भारत सरकारने या प्रदेशांपुरता नागरिकत्वाचा आदेश काढला. जो स्वतः, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी कोणीही, २० डिसेंबर १९६१ पूर्वी या भूमीत जन्मला असेल, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक मानला जाईल. ज्याला पूर्वीचेच नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने एका महिन्याच्या आत तसे लेखी कळवावे. महिनाभराच्या मुदतीत चारशे वर्षांहून जुन्या संबंधाचा निकाल द्यायचा होता. बहुसंख्य लोकांनी काहीच कळवले नाही, आणि न कळवणे हाच त्यांचा होकार ठरला.

ज्यांनी कळवले त्यांत मोन्सेन्योर सेबास्तियांव मोंतेरो हे पाद्री होते. त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व राखले आणि राहिले मात्र गोव्यातच. परदेशी नागरिक म्हणून त्यांना राहण्याचा परवाना मिळाला. त्याची मुदत संपल्यावर त्यांनी तो वाढवून मागितला नाही, देश सोडण्याचा हुकूमही पाळला नाही, आणि त्यांच्यावर परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याखाली खटला भरला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. गोवा हा लष्करी ताब्यातला प्रदेश आहे, सबब जिनिव्हा करारांचे संरक्षण आपल्याला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९६९ साली न्यायालयाने ते अमान्य केले: ताबा केव्हाच संपला होता, प्रदेश भारतात विलीन झाला होता. कायद्याच्या दृष्टीने निकालात खोट काढता येणार नाही. पण वाचक म्हणून त्या खटल्याकडे पाहिले की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. या माणसाने कोणतीही सीमा ओलांडली नव्हती. तो होता तिथेच होता. हलली ती हद्द. तरीही विनापरवाना राहिल्याचा दोष त्याच्या माथी आला.

पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या अखेरीस झालेल्या कराराने. पण माणसांचा प्रश्न पोर्तुगालने निराळा ठेवला. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस, त्याची मुले आणि नातवंडे आपला जन्म लिस्बन येथील मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवून पोर्तुगीज नागरिक म्हणून ओळखपत्र आणि पासपोर्ट घेऊ शकतात. १९८१ च्या पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायद्याप्रमाणे जन्मसंबंधाने मिळालेले राष्ट्रीयत्व जन्मापासूनच लागू होते. म्हणजे नोंद आज झाली तरी माणूस पहिल्यापासून पोर्तुगीजच होता. नोंदवहीने ते फक्त लिहून घेतले.

भारताची भूमिका याच्या नेमकी उलट आहे. संविधानाचा नववा अनुच्छेद आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम सांगते, की स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेणारा भारताचा नागरिक राहत नाही. नियमांप्रमाणे परक्या देशाचा पासपोर्ट काढणे हा त्या स्वेच्छेचा निर्णायक पुरावा होय. म्हणजे पासपोर्ट हाती आला त्या दिवशी माणूस पोर्तुगीज झाला, आणि त्याच दिवशी भारतीय उरला नाही.

एकाच माणसाविषयी लिस्बनचे क्रियापद 'होता' असे आहे आणि दिल्लीचे 'झाला' असे. व्याकरणाचा तास घेणाऱ्याला हा फरक क्षुल्लक वाटणार नाही. 'होता' म्हटले की त्याने काही केलेच नाही. 'झाला' म्हटले की त्याने निवड केली, आणि निवडीबरोबर जबाबदारी आली, कदाचित अपराधही आला. या दोन क्रियापदांच्या मधे एक तिसरी जागा आहे, ती म्हणजे नुसती नोंद. जन्म लिस्बनला नोंदवला, पण पासपोर्ट घेतला नाही, तर माणूस 'झाला' की नाही? या प्रश्नावर गोव्यात वर्षानुवर्षे वाद चालला आहे. निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींचे नागरिकत्वही त्यावरून वादात सापडले आहे.

तेव्हा 'दुहेरी पासपोर्ट' हा शब्द भारतीय माणसाच्या बाबतीत मुळातच फसवा आहे. पोर्तुगालची दुसऱ्या राष्ट्रीयत्वाला हरकत नाही, ब्रिटनचीही नाही. हरकत भारताची आहे. गोव्याचा माणूस दोन पासपोर्ट बाळगतो असे आपण सहज म्हणतो तेव्हा दोनच शक्यता असतात. एक, त्याने जुना पासपोर्ट परत केला नाही आणि तो कायद्याच्या विरुद्ध वागतो आहे. दोन, त्याच्याजवळ एक पासपोर्ट आणि एक ओसीआय कार्ड आहे, आणि ते कार्ड म्हणजे पासपोर्ट नव्हे. ओसीआय ही योजना २००५ च्या दुरुस्तीने आणि २००६ पासून प्रत्यक्षात आली. तिच्या नावातच 'भारताचा परदेशस्थ नागरिक' असे शब्द आहेत. या नागरिकाला मत नाही, घटनात्मक पद नाही, शेतजमीन विकत घेण्याचा हक्क नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने त्याला नुसते नागरिक म्हणणेही सोडले. आता तो 'कार्डधारक' आहे. एका विशेष्याचे असे विशेषण होताना आम्ही व्याकरणात पाहिले होते, माणसांत पहिल्यांदाच पाहिले.

आता या माणसाचे काम पाहू. काम म्हणजे तो गोदामात, हॉटेलात किंवा विमानतळावर जे करतो ते नव्हे. ते करता यावे म्हणून त्याला जे आधी करावे लागते ते.

पहिले काम नावाचे. पोर्तुगीज राजवटीतील नोंदी रोमी लिपीत आणि पोर्तुगीज उच्चारांप्रमाणे लिहिलेल्या आहेत. तेथे 'शंकर' हे नाव एक्स या अक्षराने सुरू होते आणि 'केशव' क्यू या अक्षराने. 'कामत' आडनावाच्या शेवटी एक अनुनासिक येऊन बसते, 'शेणवी'चे 'सिनाय' होते. नातवाच्या भारतीय दाखल्यांत ही नावे इंग्रजी वळणाने लिहिलेली असतात. आजोबांच्या नोंदीतला माणूस आणि नातवाच्या दाखल्यातला आजोबा हा एकच, हे आता प्रतिज्ञापत्रांनी सिद्ध करायचे. आईवडिलांचा विवाह नोंदवलेला हवा, तारीख जुळलेली हवी, प्रत्येक कागदाचे प्रमाणित भाषांतर हवे. भाषाशास्त्राच्या वर्गात ज्याला आपण लिप्यंतर म्हणतो, त्याच्या एका अक्षरावर येथे एखाद्या कुटुंबाची दोन-तीन वर्षे अडकून पडतात. यांतील अनेकांना पोर्तुगीज येत नाही आणि या वाटेने अर्ज करताना ती यावी अशी अटही नसते. ज्या भाषेतला मजकूर आपण वाचू शकत नाही अशा भाषेतला पासपोर्ट खिशात घेऊन माणूस जगभर फिरतो. 'परात्मता' हा शब्द शिकवताना आम्ही आजवर यापेक्षा बरीच दूरची उदाहरणे देत आलो.

दुसरे काम क्रमाचे. कोणता कागद कोठे दाखवायचा याचा क्रम चुकला की प्रवास संपला. आखातात नोकरी करणाऱ्याचा निवासाचा परवाना भारतीय पासपोर्टवर असतो. पोर्तुगीज पासपोर्ट आला की भारतीय पासपोर्ट परत करायचा, आणि तो परत केला की परवान्याचा आधारच जातो. म्हणून आधी मालकाला सांगावे लागते, परवाना नव्या पासपोर्टवर घ्यावा लागतो, आणि हे होईपर्यंत घरी कोणी आजारी पडू नये अशी प्रार्थना करावी लागते. काही जण हा क्रम टाळून दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवतात. भारतातून निघताना भारतीय पासपोर्ट दाखवतात. पण विमान कंपनीच्या खिडकीवरचा माणूस विचारतो, तुम्ही जाता तेथला व्हिसा कुठे आहे? तेव्हा दुसरा पासपोर्ट बाहेर काढावा लागतो, आणि पुढच्या खिडकीवर तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. हा अपराध आहे, त्यासाठी दंड आहे, आणि तो योग्य आहे की नाही हा येथला मुद्दा नव्हे. मुद्दा असा, की हे सर्व करणारा माणूस 'दोन संस्कृतींमधे लोंबकळत' नसतो. तो रांगेत उभा असतो आणि मनातल्या मनात कागद मोजत असतो.

तिसरे काम बदलांवर नजर ठेवण्याचे. यातील बहुसंख्य माणसे पोर्तुगालात राहण्यासाठी पोर्तुगीज झाली नव्हती. युरोपीय संघाचा नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये काम करता येत होते, म्हणून ती स्विंडनसारख्या गावांत गेली. पासपोर्ट एका देशाचा, काम दुसऱ्या देशात आणि घर तिसऱ्या देशात. या हिशेबात 'दुहेरी' हा आकडासुद्धा चुकीचा आहे. पुढे २०१६ साली ब्रिटनने संघ सोडण्याच्या बाजूने मत दिले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी मुक्त संचार थांबला. त्या तारखेपूर्वी तेथे राहायला गेलेल्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून आपले राहणे कायम करता आले. त्यानंतर पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन जाणाऱ्याला कामासाठी व्हिसा लागतो, आणि एप्रिल २०२५ पासून नुसत्या भेटीसाठीही आधी संगणकीय परवानगी घ्यावी लागते. ज्यांचे राहणे कायम झाले त्यांच्या पासपोर्टवर शिक्का नसतो. त्यांचा हक्क एका खात्यात आहे आणि ते खाते पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेले आहे. पासपोर्ट नवा केला आणि क्रमांक तेथे कळवायचा राहिला, तर हक्क असतो पण दिसत नाही. विमानतळावर दिसते तेवढेच असते.

आणि या सगळ्यांत घराकडचे दार. ३० नोव्हेंबर २०२२ च्या परराष्ट्र मंत्रालयाच्या एका परिपत्रकानंतर भारतीय पासपोर्ट परत करायला गेलेल्या गोमंतकीयांचे पासपोर्ट स्वीकारण्याऐवजी रद्द केले जाऊ लागले. कारण दिले जाई ते माहिती दडवल्याचे. पासपोर्ट परत केल्याचा दाखला नाही, म्हणून ओसीआय नाही. ओसीआय नाही, म्हणून स्वतःच्या घरी राहायला व्हिसा. ज्यांनी कायदा पाळण्यासाठी खिडकी गाठली तेच अडकले. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या निवडणुकीपूर्वी, पासपोर्ट रद्द झाल्याचा दाखलाही ओसीआयसाठी चालेल असा निर्णय झाला आणि दार पुन्हा किलकिले झाले. मधल्या सुमारे दीड वर्षात कोणाची आई गेली असेल, कोणाच्या बहिणीचे लग्न झाले असेल. हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नसते. ते लिहिण्याची जागा कादंबरी, कथा, नाटक हीच आहे, आणि म्हणून हा प्रश्न आमच्या वर्गाचा आहे.

वर्गात या माणसाचे दोनच अर्थ लावले जातात. एक अर्थ समाजाचा: 'पासपोर्टसाठी देश विकला.' गोव्यात आणि गोव्याबाहेर हा आरोप सर्रास ऐकू येतो, आणि ज्यांच्या कुटुंबात मुक्तिलढ्याची आठवण आहे त्यांना तो मनापासून बोचतो, हेही खरे. दुसरा अर्थ समीक्षेचा. होमी भाभा यांच्या १९९४ च्या ग्रंथापासून 'तिसरा अवकाश' आणि 'संकर' या संकल्पना आपल्याकडे रुळल्या. सलमान रश्दी यांच्या 'इमॅजिनरी होमलँड्स'मुळे हरवलेल्या मायदेशाची स्मृतीतली पुनर्रचना हा विषय प्रतिष्ठित झाला. या दोघांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. पण या संकल्पना आपल्या वर्गांत येता येता सैल झाल्या. दोन जागांच्या मधे असणे ही जणू एक सर्जनशील सवलत आहे, असा सूर त्यांतून निघू लागला. पहिला अर्थ माणसाला लोभी ठरवतो, दुसरा त्याला काव्यमय करतो. दोहोंत एक गोष्ट समान आहे: दोघेही त्याच्या हातातले कागद पाहात नाहीत.

थोर लेखकांनी मात्र ते पाहिले आहेत, आणि आपण त्यांच्या कृती शिकवताना नेमकी तीच पाने पटकन उलटतो. अमिताव घोष यांच्या 'द शॅडो लाइन्स' (१९८८) या कादंबरीतील आजी ढाक्याच्या विमानप्रवासात भराव्या लागणाऱ्या अर्जाविषयी ऐकताना जन्मस्थळाच्या रकान्यापाशी अडखळते. आपले जन्मस्थळ आणि आपले राष्ट्रीयत्व यांचा मेळ बसत नाही, हे तिला त्या रकान्याने सांगितलेले असते. फाळणीवरची व्याख्याने जे सांगू शकत नाहीत ते एक रकाना सांगतो. किरण देसाई यांच्या 'द इनहेरिटन्स ऑफ लॉस' (२००६) मधला बिजू न्यूयॉर्कच्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत राबतो, आणि त्याचे सारे आयुष्य एका न मिळालेल्या कार्डाभोवती फिरते. बेन्यामिन यांच्या 'आडुजीवितम्' (२००८) या मल्याळम कादंबरीत आखातात गेलेला मजूर वाळवंटात कैदी होतो. तिघांनीही अस्मितेची चर्चा केली नाही असे नाही. पण ती रकाना, कार्ड आणि मालक यांच्या मार्गाने केली.

कोंकणीकडे तर आपण पाहतच नाही. तियात्र हा गोमंतकीयांचा लोकप्रिय नाट्यप्रकार गोव्यात जन्मला नाही. पहिला तियात्र, 'इटालियन भुरगो', १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्या काळी गोव्याचा माणूस मुंबईला येई म्हणजे पोर्तुगीज राज्यातून ब्रिटिश राज्यात येई. धोबीतलावच्या परिसरातल्या 'कुडां'मधून बोटीच्या नोकरीची वाट पाहणारे तारवटी, गोऱ्यांच्या घरचे आचारी आणि बँडवाले यांची ही मुंबई होती. स्थलांतरित कामकऱ्यांनी आपल्यासाठी एक रंगभूमी उभी केली, आणि तीही आपल्या मराठी रंगभूमीच्या शेजारच्याच गल्लीत. तरी 'डायस्पोरा'च्या घटकात तिचे नाव घेतलेले आम्ही ऐकलेले नाही. ती कामकऱ्यांची होती आणि तिची भाषा परदेशी नव्हती, यापलीकडे आम्हांला याचे कारण सुचत नाही.

आमच्यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वाजवी आहे. राज्याला आपला नागरिक कोण हे ठाऊक असलेच पाहिजे. एका माणसाने दोन देशांत मत द्यावे आणि अडचणीच्या वेळी सोयीचा देश निवडावा, हे ज्यांना एकच देश आहे त्यांच्यावर अन्यायाचे आहे. शेजारच्या घरातला मुलगा पोर्तुगीज कागदावर इंग्लंडला जाई; ज्याचे आजोबा १९६१ पूर्वी बेळगाव किंवा सावंतवाडीकडून आलेले नव्हते म्हणून तो जाई, आणि ज्याचे आले होते तो राही. पूर्वजाचा जन्म हद्दीच्या कोणत्या बाजूला झाला यावर नातवाचे वेतन ठरावे, हा न्याय नव्हे. हे सगळे आम्हांला मान्य आहे. कायद्याला एकच उत्तर हवे असते, आणि ते मागण्याचा त्याला अधिकार आहे. आमची तक्रार एवढीच, की प्रश्न विचारताना उत्तर देण्याची वाट त्याने मोकळी ठेवावी. आणि साहित्याच्या अध्यापकाने कायद्याचा प्रश्न आपल्या तोंडी घेऊ नये. 'तू नक्की कोणाचा?' हे विचारायला खिडकीवर माणूस बसलेला आहे. आपण विचारायचे ते हे, की या प्रश्नाचे उत्तर देता देता तुझे काय काय खर्च झाले?

पेशवाईत प्रवाशाजवळ दस्तक असे, वाटेत राहदारी द्यावी लागे. 'पारपत्र' हा शब्द त्यामानाने नवा, संस्कृताच्या टाकसाळीत पाडलेला. आमच्या एका सहकाऱ्याने दाखवून दिले, की एका अक्षराने त्याचे 'पारपत्य' होते, आणि पारपत्य म्हणजे शासन, शिक्षा. शब्दसाम्याला अर्थ असतोच असे नाही. पण आमच्या विद्यार्थिनीला ते सांगितले तेव्हा ती हसली नाही.

आम्ही आमच्यापुरता एक बदल केला आहे आणि तो इतरांनीही करून पाहावा असे सुचवतो. 'डायस्पोरा'च्या पहिल्या तासाला आम्ही आता सिद्धान्त सांगत नाही. वर्गात एक कोरा व्हिसा-अर्ज वाटतो आणि तो भरायला सांगतो. नाव, पूर्वीचे नाव असल्यास ते, वडिलांचे जन्मस्थळ, पूर्वी धारण केलेले राष्ट्रीयत्व, भेटीचा हेतू. पंधरा मिनिटांत वर्गाच्या लक्षात येते, की प्रत्येक रकाना एक कथा गृहीत धरतो, आणि आपली कथा त्यात पुरती मावत नाही. त्यानंतर घोषांची आजी वाचायला घेतली की ती वेगळीच वाचली जाते.

त्या मुलीने परवानगीचा अर्ज केला आहे. त्यात संशोधनाचा विषय लिहिण्यासाठी जागा होती. तिने लिहिले, 'भारत'. अवतरणचिन्हे काढू नकोस, असे आम्ही तिला दोनदा बजावले. ती निघाली तर वाक्याचा अर्थ बदलेल आणि कदाचित अर्जाचे भवितव्यही. अर्ज अजून विचाराधीन आहे. तोवर तिने घरी असलेले अंक चाळून टिपणे काढायला सुरुवात केली आहे, आणि ती टिपणे म्हणजे संशोधन की नुसते वाचन, हे आम्ही तिला विचारलेले नाही.